मामांचा टर्बो, माझा ईसीयू

३ ऑगस्ट, रविवार
बोरघाटात आज पुन्हा इज्जत गेली. गाडीत पाच माणसं, एसी चालू, दुसऱ्या गिअरवर गाडी कुंथत होती. मागून कोंबड्यांचा टेंपो हॉर्न मारत आला आणि पुढे निघून गेला. कोंबड्यांचा! माझा नवरा प्र. म्हणाला, "एसी बंद कर ना." केला. मागच्या सीटवरून सासूबाई, "सुषमा, आमी उतरून चालू का गं?" सगळे हसले. मीपण हसले, पण आतून जळले.

बाराशे सीसीचं छोटं इंजिन, सात वर्षं झाली. दहिवली ते साजगाव रोज मला ड्यूटीला नेते-आणते, कधी कुरकुर नाही. फक्त चढ आला की जीव जातो. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो बसवायचा. ठरलं. नवऱ्याला अजून बोलले नाही.

५ ऑगस्ट
प्र.ला सांगितलं. भाकरी मोडायची थांबवून बघत बसला. मग, "त्यापेक्षा नवीन गाडी घेऊ ना." म्हटलं, नवीन गाडी कुणीही घेतं. "हे मात्र खरं. हे असलं खूळ कुणी घेत नाही." पण नाही म्हणाला नाही. एकच अट घातली, आधी आरटीओत विचारून ये. नवरा माझा भला माणूस आहे, फक्त त्याला वेग सोसत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
लोधिवलीला मामांकडे जाऊन आले. आईचा धाकटा भाऊ. जुन्या हायवेला लागून ट्रकचं गॅरेज. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथं काढल्या. माझ्या मैत्रिणी भातुकली खेळायच्या तेव्हा मी नट-बोल्टचे पाने पुसत बसायचे, आज फॅक्टरीत इन्स्ट्रुमेंटचं काम करते ते त्यातूनच.

टर्बोचं विचारायला गेले आणि भलतंच ऐकून आले. मामा दिवाळीच्या पाडव्याला शेडची किल्ली मालकाला परत देणार. गॅरेज बंद. "बास झालं सुषे. आता ट्रकला बी कम्प्युटर आला. क्याबिन उचलली की नुसत्या वायरी. ड्रायव्हर इचारतो, मामा, स्कॅनर हाय का? नाय म्हटलं की जातो पुढं." पनवेलला मुलाकडे राहायला जाणार. सातवा मजला.

सातव्या मजल्यावर हा माणूस करणार काय? मागे पाय मोडला तेव्हा महिनाभर घरात बसले, तर जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मामा बसले की संपले. मला भीती वाटते. इथं तरी लिहून ठेवते, बाहेर बोलता येत नाही.

निघताना टर्बोचं सांगितलं. "पेट्रोलला? कशाला गं?" असं म्हणाले खरे, पण स्टूल माझ्याकडे ओढून घेतलं.

१३ ऑगस्ट
दोन रस्ते आहेत.

एक, पुण्याच्या एका दुकानाचं तयार किट. टर्बो, पाइप, ईसीयू सगळं एका खोक्यात. तेच बसवणार, त्यांचंच सेटिंग, दोन दिवसांत गाडी हातात.

दुसरा, सुटं सुटं जमवायचं. टर्बो मामा निवडणार आणि बसवणार. इंजिनाला पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे ठरवणारा ईसीयू मी निवडणार.

प्र. म्हणतो खोकं घे, डोक्याला ताप नको. बरोबर आहे त्याचं. माझं मन सुट्याकडे. गाडीसाठी की मामांसाठी? खरं सांगायचं तर निम्मं-निम्मं. मामांना हे कळता कामा नये. दया केली असं वाटलं तर पाना फेकून मारतील.

१७ ऑगस्ट, रविवार
मामांनी मांडणीवरून टर्बो काढून ठेवला होता. छोट्या डिझेल गाडीचा. स्वतः बेअरिंग बदललेला, रॉकेलने धुतलेला, नवा दिसत होता. शाफ्टला बोट लावून हलवून दाखवला. "बघ. केसभर बी हलत नाय."

आणि मला नाही म्हणावं लागलं. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा फार तापतो, हा त्यात टिकणार नाही, आतून पाणी फिरणारा पाहिजे. हे मी लॅपटॉप उघडून सांगितलं, तिथंच चुकलं. हातातला टर्बो त्यांनी परत फडक्यात गुंडाळला. "तीस वर्षं टर्बो खोलतोय. आज शिकलो."

टोमणा होता की खरंच, कळलं नाही. चहा मात्र दिला, आलं घालून.

२१ ऑगस्ट
फोन नाही. मीपण केला नाही. दोघं एकाच घरातले, हट्टाला कमी नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
सकाळी सातला मामांचा फोन. "ये. पाण्याचा गावला."

शिफ्ट संपवून धावले. हा माणूस मला न सांगता एसटीने तळोज्याला जाऊन भंगारवाल्यांच्या चार दुकानांत फिरून आला! मागून ठोकलेल्या एका छोट्या पेट्रोल गाडीचा टर्बो, पाण्याची वाट असलेला. "तीन व्हते. एकाचं पातं चाटलेलं, एकाचं तेल जळलेलं. ह्यो घेतला." मग हळूच, "तू सांगितलेलं त्या भंगारवाल्याला मी सांगितलं. त्याला बी ठाऊक नव्हतं."

छोटाच टर्बो. मोठा घेतला असता तर ताकद जास्त, पण ती यायला वेळ लागते, आणि घाटात वळणावर मला ती लगेच हवी. मामांचंही तेच म्हणणं. इंजिनच्या पोटाचा विचार करून खायला घालायचं, ताट मोठं आहे म्हणून नाही. मी शाफ्टला बोट लावून पाहिलं. केसभर नाही हलला. आज फार बरं वाटलं.

२७ ऑगस्ट
गणपती. उकड काढताना डोक्यात ईसीयू. दोन मोदक फुटले. सासूबाई, "मन कुठं हाय तुजं?" बोनेटखाली हाय, म्हटलं.

३१ ऑगस्ट, रविवार
ईसीयूवरून वाद. मला स्वतंत्र हवा होता. कंपनीचा काढून फेकायचा, सगळं आपलं, सगळे आकडे माझ्या हातात. कामावर मी दिवसभर हेच करते, कंट्रोलरचे आकडे बसवणं, त्यामुळे हात शिवशिवतात. दुसरा पर्याय म्हणजे छोटा डबा. कंपनीचा ईसीयू जागेवर राहतो, हा मध्ये बसतो आणि टर्बोचा दाब चढला की तेवढ्यापुरतं पेट्रोल वाढवतो, ठिणगी मागे घेतो.

मामांना समजावून सांगितलं. लॅपटॉप न उघडता, शहाणी झाले. ऐकून घेतलं, मग विचारलं, "जुना हाय तो चुकतो का?" नाही. "थंडीत चालू करतो, एसी लावल्यावर सांभाळतो?" हो. "मग सात वर्षं इमानानं काम केलेल्याला हाकलतीस कशाला? जे त्याला ठाऊक नाय तेवढं शेजारी बसून सांग की."

घरी येऊन आकडे मांडले. एवढ्या कमी दाबाला डबा पुरतो. स्वतंत्र ईसीयू हा माझा शौक होता, गाडीची गरज नव्हती. डबा मागवला.

५ सप्टेंबर
आरटीओत जाऊन आले. साहेब बरे होते. असा बदल लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही, अर्ज करा, बघू. अर्ज दिला. तोवर चाचणी कुठे? मामांकडे उत्तर तयार, लोधिवलीच्या मागे बंद पडलेल्या खाणीचा खासगी रस्ता. खाणमालक त्यांचं जुनं गिऱ्हाईक. चढ असा की बैलसुद्धा विचार करील. बोलणं करून ठेवलं त्यांनी.

गाडी आता मामांच्या शेडमध्येच. मी कंपनीच्या बसने. बसमध्ये झोप छान लागते हा शोध.

१४ सप्टेंबर, रविवार
बंपरमागे हवा गार करायची जाळी बसली. मग मामांनी इंजिनाचा धूर टर्बोत नेणारा मॅनिफोल्ड वेल्ड केला. मी नुसती धरायला. आठ दिवसांपूर्वी म्हणत होते हात थरथरतो. टाका बघितला, मुंग्यांची रांग जावी तसा सरळ. म्हटलं, कुठं थरथरतो? "काम नसलं की थरथरतो."

२१ सप्टेंबर, रविवार
आज दिवसभर एकच पाइप. टर्बोतून तेल परत इंजिनात जाणारा. मी म्हणत होते जागा नाही, जरा आडवा घेऊ. मामा पेटले. "तेल खाली पडतं गं, वर चढत नाय! आडवा घेतलास तर टर्बोत साचंल आन धूर मारंल." तीनदा काढून वाकवला. चौथ्यांदा बसला, उतार एकसारखा. पुण्याच्या खोक्यात हा पाइप रबराचा येतो, कसाही वाकतो. मी नुसती बघत राहिले त्या पाइपाकडे.

जेवायला मामांनी सुकट केली होती. तोंडाला चव आली.

२८ सप्टेंबर, रविवार
चालू झाली!!

पहिल्या सेल्फला नाही, दुसऱ्याला. मी लॅपटॉपवर मिश्रणाचा आकडा शोधत होते तोवर मामा सायलेन्सरपाशी वास घेऊन, "पेट्रोल जास्त हाय." आकडा आला, जास्तच होतं. कमी केलं. "अजून." केलं. "आता बास." लॅपटॉपही म्हणाला बास. मी त्यांच्याकडे बघत बसले. मामा, तुमच्या नाकाला वायर लावू का?

खाणीच्या रस्त्यावर एक फेरी. तिसरा गिअर, चढ, पाय दाबला आणि गाडी निघाली. कुंथणं नाही, थांबणं नाही. बाजूला मामा दाराचं हँडल धरून बसले होते. वर पोचल्यावर म्हणाले, "अजून एकदा." तीनदा नेली. मी इतकी खूश बऱ्याच दिवसांत नव्हते.

शेडच्या किल्लीचं मी काढलं नाही. त्यांनीही नाही.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. शेडमध्ये पूजा. पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन आणि मध्ये माझा लॅपटॉप, हळदीकुंकू लावून. मामा म्हणाले हत्यार ते हत्यार. सासूबाईंनी आपल्या शेतातल्या झेंडूचा हार पाठवला होता, बैलाला घालावा एवढा जाड. मीच बांधला बंपरला, खालून तारेने आवळून, खाणीच्या रस्त्यावर पडू नये म्हणून. गाडी नवरीसारखी दिसत होती.

५ ऑक्टोबर, रविवार
वाईट दिवस.

चढावर गाडी मेली. पहिली फेरी बरी, दुसरी मंद, तिसरीला टेंपोच बरा. इंजिनात जाणारी हवा तापतेय, आकडा सत्तरीच्या वर. इंजिन टकटक करायला लागलं की डबा ठिणगी मागे घेतो, ताकद जाते. डबा त्याचं काम करतोय. मग हवा तापते कशाने?

दोन तास सेटिंग बदललं. ऊन, घाम, डास. आणि माझं तोंड सुटलं. "मामा, टर्बोच कमी पडतोय तुमचा. छोटा आहे. दम लागलाय त्याला, हवा तापवतोय नुसती."

मी तुमचा म्हणाले. निवडला दोघांनी होता.

मामांनी हात धुतले, साबण लावून, सावकाश. "असंल. माजाच डोळा चुकला असंल." चारलाच शटर ओढलं. "पाडव्याला किल्ली द्यायचीच हाय. तू पुण्याचं ते खोकं घे."

६ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही. ज्या गोष्टीसाठी हे सगळं मांडलं, तीच माझ्या जिभेने मोडली. प्र.ला सांगितलं. तो म्हणाला, फोन कर. केला. उचलला नाही.

८ ऑक्टोबर
आकडे पुन्हा तपासले. कागदावर टर्बो पुरतो. पुरायलाच पाहिजे. मग? मला माझंच इन्स्ट्रुमेंट वाचता येत नाही, पगार कशाचा घेते मी?

१० ऑक्टोबर, शुक्रवार
कामावर दुपारी कॉम्प्रेसरचा अलार्म. तापमान जास्त. जाऊन बघते तर ऑपरेटरने आपला ओला पंचा वाळायला घातलेला, बरोब्बर कूलरच्या जाळीवर! मी सुरूच झाले. अहो, अक्कल आहे का, जाळी झाकल्यावर हवा कुठून जाणार, मशीन तापणार नाही तर काय...

आणि मध्येच थांबले. तो बिचारा बघतोय, बाई पुढे का बोलत नाहीत.

झेंडू.

इंटरकूलर. टर्बोतून निघालेली गरम हवा गार करणारी जाळी. ती बंपरच्या मागे, खाली. त्याच्यावर मी बैलाएवढा हार तारेने आवळून बांधलाय! आणि दसऱ्याचा हार आपण कुणी हाताने काढत नाही, सुकून आपोआप गळेपर्यंत राहतो. रविवारी दोन तास बोनेटमध्ये डोकं घालून बसले, पुढे वाकून बघितलं नाही. मामांनीही नाही, हार म्हणजे देवाचा.

सुटी झाल्याबरोबर रिक्षाने लोधिवली. मामा पाने गोणीत भरत होते. मी सरळ गाडीपुढे बसले, तार कापली, हार ओढला. मागे जाळीत पाकळ्यांचा चिखल झालेला, निखळ केशरी. मामा गोणी ठेवून आले, वाकून बघितलं.

म्हटलं, मामा, चूक माझी. हार माझा, तार माझी, तोंडही माझं. टर्बो बरोबर आहे. माफ करा.

मामा उकिडवेच बसले आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "तीस वर्षं गाड्या बघतोय. झेंडूनं बसलेलं इंजिन पयलंच." मग डोळे पुसत, "डोळा चुकला नव्हता म्हणजे माजा." नाही मामा. "आं?" नाही चुकला. दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून, लबाड.

जाळी पाण्याने धुतली, दात घासायच्या ब्रशने पाकळ्या काढल्या. उजेड होता तोवर तीन फेऱ्या. हवा पन्नाशीच्या आत. तिन्ही फेऱ्या सारख्या. तिसऱ्या गिअरवर सरळ वर.

गोणी भरलेलीच आहे अजून. बघितलं मी.

१२ ऑक्टोबर, रविवार
सासूबाईंना सांगितलं. त्यांचं एकच, "माज्या फुलांना नावं ठेवू नको." प्र. अजून हसतोय. येता-जाता विचारतो, झेंडू किती बार दाबाचा?

१९ ऑक्टोबर, रविवार
दिवाळीच्या गडबडीतही जाऊन आले. आरटीओचं उत्तर नाही. गाडी उभीच. मी पोचले तर चौक गावचे एक मास्तर शेडमध्ये बसलेले, बाहेर त्यांची छोटी पेट्रोल गाडी. खाणीच्या चढावरचा आवाज ऐकून चौकशी करत आलेत. मामा त्यांना तेलाचा पाइप दाखवत होते. उतार कसा, का, आडवा घेतला तर काय होतं. मी कोपऱ्यात बसून चकली खाल्ली. मला कुणी विचारलं नाही.

मास्तर म्हणाले, कम्प्युटरचं काय? मामा म्हणाले, "त्याला माजी भाची हाय. आधी परवानगीचा अर्ज टाका, मग बोलू."

पाने गोणीत की बाहेर ते दिसलं नाही. गोणी मांडणीच्या मागे सरकवलीय.

२२ ऑक्टोबर, पाडवा
प्र.ला ओवाळून, फराळाचा डबा घेऊन दोघं लोधिवलीला गेलो. रात्रभर विचार केला होता काय बोलायचं. किल्ली देऊ नका म्हणून हात धरायचे? मला तेवढा हक्क आहे का? पनवेलला मुलगा आहे, नातू आहे, त्यांनाही आजोबा हवेत. मी म्हणायचं आणि मामांनी उद्या एकट्याने चूल पेटवायची. काही न बोलायचं ठरवलं. कठीण आहे माझ्यासारखीला.

शेडचे मालक आधीच आलेले. मामा नवीन सदऱ्यात. किल्ली सदऱ्याच्या खिशात, जड असल्यामुळे खिसा लोंबत होता. मी फराळ वाढला. मालक चिवडा खात पावसाबद्दल बोलले, भाताबद्दल बोलले. मामा हं हं करत होते. प्र. माझ्याकडे बघत होता, बोलशील म्हणून. मी नाही बोलले.

मालकांनी हात झटकले, उठले. "मग मामा? किल्ली?"

मामांनी खिशावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर बघून म्हणाले, "रविवारी मास्तरांची गाडी उघडायची हाय. रविवार होऊन जाऊ द्या."

मालक बरं म्हणाले आणि अजून एक करंजी घेऊन बसले. कुठला रविवार ते त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.